ब्रॅडवेलवरचा नवरदेव

— नाही नाही, तसं नाही जयवंतराव, नवरा मांडवात नसणार म्हणजे नवऱ्याला लग्न नको, असा अर्थ कुठनं काढलात तुम्ही? उठू नका हो. बेसो ने, शांतीथी. झोपाळ्यावरच बसा, त्या खुर्चीचा एक पाय लुळा आहे, पाहुणा पडला तर सोयरीक राहिली बाजूला. देवासहून एवढ्या लांब आलात ते काय एक वाक्य ऐकून परत फिरायला? लीलो चेवडो घ्या, बडोद्याचा आहे, सकाळी मीच आणला — आमच्या मंडळींना, जिजाबाईंना, आज जरा बरं नाही, नाहीतर पोहे असते, शिरा असता. त्या येतील बाहेर. येतील ना. तर काय सांगत होतो — खांडा. आमच्यात खांड्याशी लग्न लागतं. तुमच्यातही लागत असणार, तुम्ही विसरलात. नवरा मोहिमेवर असला आणि मुहूर्त टळत असला, की त्याची तलवार पाटावर उभी करायची, मुठीला मुंडावळ्या बांधायच्या, अंतरपाट धरायचा, भटजींनी मंगलाष्टकं म्हणायची, मुलीनं तलवारीला हार घालायचा — झालं लग्न. पक्कं. मंगळसूत्र घरातली वडील सुवासीण बांधते. माझ्या पणजोबांचं असंच लागलं. गायकवाड सरकारच्या घोडदळात होते, ओखामंडळात वाघेरांच्या बंडावर गेले होते, आणि इकडं पणजीबाई खांड्याला हार घालून घरात आल्या. तो बघा, देवघराबाहेर भिंतीवर, तोच खांडा. म्यानाला मखमल नवी आहे, परवाच मांडवीतून लावून आणली. हसताय? हसा. दोन हजार पाच साल चाललंय, गावात चार मल्टिप्लेक्स झाली, पोरंपोरी इंटरनेटवर परस्पर लग्नं जुळवतात, आणि हा प्रतापसिंहराव तलवार काढून बसलाय — असंच ना मनात? असू दे. लग्न पाहावं करून म्हणतात, आम्ही तर ते निम्म्या खर्चात करून देतोय.

रजा का घेत नाही? हा प्रश्न बरोबर आहे. मुलीच्या बापानं विचारलाच पाहिजे, मी विचारला असता. अहो, नोकरी म्हणजे काय नंदेसरीचा रंगाचा कारखाना आहे, की पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी पाठवली आणि घरी झोपलो? तिथं मी काढली उभी हयात, बॉयलरपुढं, मला माहीत आहे कारखान्याची रजा काय असते. ही नेव्ही आहे. अमेरिकेची. माझी बहीण निरुपमा न्यू जर्सीला असते, तिनं आमचे सगळ्यांचे कागद करून ठेवले होते, मी काही गेलो नाही, राजवर्धन गेला. दुकानात उभा राहिला, पेट्रोल भरलं लोकांच्या गाड्यांत, आणि एक दिवस फोन — बाबा, मी नेव्हीत नाव घातलं. लोक म्हणाले परक्याची चाकरी. म्हटलं, का? आमच्या घराण्यानं चाकरीच केली, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी छातीवर घाव घेतले, पाठीवर नाही. आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं, हे आपणच म्हणायचं आणि पोराला रजा मिळाली नाही की तोंड वाकडं करायचं, हे कसं चालेल? आणि जहाज कुठलं! साधंसुधं नाही — डिस्ट्रॉयर. मराठीत विनाशिका म्हणतात, पण लग्नाच्या बोलण्यात तो शब्द कसा काढायचा, म्हणून मी आपलं जहाजच म्हणतो. यूएसएस ब्रॅडवेल. तुम्हाला स्थळाची माहिती हवी ना? मुलाची कुंडली तुम्ही बघितलीत, आता जहाजाची ऐका. मला तोंडपाठ आहे. दांडिया बाजारच्या सायबर कॅफेतला माणूस मला बघितलं की न विचारता ते पान लावून देतो.

जन्म मिसिसिपीचा. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. आपण नारळ फोडतो, ते दारूची बाटली फोडतात, पण भावना तीच. नाव कुणाचं दिलं? ब्रॅडवेल म्हणून एक खलाशी होता त्यांचा, जुन्या लढाईत जळत्या जहाजातून माणसं काढता काढता गेला — आपण आजोबाचं नाव नातवाला ठेवतो, ते जहाजाला ठेवतात. सुरुवातीला भूमध्य समुद्रात फिरलं. मग इराण-इराकचं चाललं होतं तेव्हा आखातात तेलाच्या जहाजांची राखण केली. पुढं एक्क्याण्णवचं युद्ध — आठवतं? इकडं आपल्या देशाला सोनं परदेशी गहाण ठेवायची पाळी आली होती, आमच्या कारखान्याला तेल मिळेना, आणि तिकडं हे ब्रॅडवेल क्षेपणास्त्रं सोडत होतं. मला तेव्हा काय ठाऊक, की ह्याच जहाजाच्या पोटात एक दिवस माझं पोर झोपणार आहे. बरं, नुसती मारामारी नाही हं. चौऱ्याण्णव साली अटलांटिकमध्ये वादळात मासेमारीची एक बोट उलटली, लाटा अशा की हेलिकॉप्टर उडेना, तर ब्रॅडवेलनं दोर सोडून, जाळी सोडून, अख्खीच्या अख्खी बोटीवरची माणसं वर घेतली. एक सुद्धा सोडला नाही. एक सुद्धा. हे मी त्या सायबर कॅफेत इतक्यांदा वाचलंय — भर वादळात, परक्या देशाच्या माणसांना. म्हणजे येत होतं त्यांना. माणूस पाण्यातून काढायचं येत होतं. — नाही, काही नाही. चहा निवतोय तुमचा.

दोन हजार साली आमचे चिरंजीव चढले. इंजिनात. मी म्हटलं, बापानं बॉयलर राखला, तू टर्बाइन राख, घराणं तेच. नेपल्सहून फोन यायचा, बहारिनहून यायचा — इथल्या एसटीडीवाल्या पोरी ओळखायला लागल्या होत्या मला — आईला सांग, ह्यांच्या भाताला चव नाही, चिवडा पाठव. जिजाबाई डबे शिवून पाठवायच्या कापडात. मग ते दोन मनोरे पडले न्यूयॉर्कला, आणि ब्रॅडवेल निघालं ते थेट आपल्या अंगणात. आपल्याच म्हणतो मी — उत्तर अरबी समुद्र. खंभातचं आखात ओलांडलं की तेच पाणी, द्वारकेला पाय बुडवले की तेच. जिजाबाई तेव्हा म्हणाल्या, एवढ्या जवळ आलाय तर घरी येऊन जा म्हणावं. अहो, बायकांना समुद्र म्हणजे आमचा सुरसागर तलाव वाटतो, ह्या काठावरनं हाक मारली की त्या काठावर ऐकू येईल. मी हसलो होतो तिला. नंतर मीच गेलो द्वारकेला. दोन वर्षांनी. उभा राहिलो त्या पायऱ्यांवर. — देवदर्शनाला हो. दुसरं कशाला?

तर, कुठं होतो? हां, दोन हजार तीन. इराक. पुन्हा क्षेपणास्त्रं. मग परत गेलं ते आपल्या गोदीला, नॉरफोकला, आणि तिथं जे केलं त्यांनी, जयवंतराव, ते मला पटलेलं नाही. पंचवीस वर्षं झाली म्हणे, म्हातारं झालं म्हणे. चार सालच्या उन्हाळ्यात बँड लावला, निशाण उतरवलं, खलाशी ओळीनं शिडीवरून खाली उतरले — फोटो आहे त्याचा, एकेक चेहरा मी मोठा करून बघितलाय — आणि मग यंदा ते रिकामं जहाज ओढत नेलं भर समुद्रात आणि स्वतःच्याच लोकांनी त्यावर नेमबाजी केली. सरावासाठी. निशाणा म्हणून! अहो, इथं सरकारी हत्ती म्हातारा झाला तरी मरेपर्यंत त्याला चारा मिळायचा, आणि हे — ज्यानं एवढी चाकरी केली त्याला भोकं पाडून बुडवलं. माझ्या पोराची झोपायची फळी होती त्यात. तीन फळ्या एकावर एक, ह्याची मधली, डोक्याशी आईचा फोटो. सगळं तळाला. इतिहास संपला. त्या पानावर खाली आता नुसती पांढरी जागा आहे.

काय म्हणालात?

— हो. यंदाच बुडवलं.

पाणी घ्या ना थोडं. — हो, ऐकलं मी. मग मुलगा सध्या कुठल्या जहाजावर आहे, असं विचारलंत. ऐकलं. दुसऱ्या जहाजावर बदली — नाही, थांबा. खोटं बोलायला बसलो होतो मी, पण नमनालाच घडाभर तेल जाळलं आणि आता वातीला उरलं नाही. मधली एक ओळ गाळली मी. बघा, त्या पानावर एकच ओळ आहे, दोन हजार तीनच्या फेब्रुवारीची, इराकच्या आधीची. उत्तर अरबी समुद्रात एक खलाशी बेपत्ता, शोध घेतला, सापडला नाही. नाव नाही दिलेलं. जहाज कधी कुठल्या बंदरात रंगवलं तेसुद्धा दिलंय, पण त्याचं नाव नाही. सकाळच्या हजेरीला तो उभा नव्हता. बस. एवढंच कुणाला माहीत आहे. वर हवेला गेला असेल, इंजिनात उष्णता फार, डेक ओला असेल. मुंबईच्या अमेरिकन कचेरीतनं दोघं आले होते, पांढऱ्या कपड्यात, अगदी सभ्य, तुम्ही बसलात तिथंच बसले. त्यातला एक आपल्या देशातला, मद्राशी असावा, तो सांगत होता आणि गोरा मांडीवर टोपी धरून खाली बघत होता. मग एक निशाण दिलं, त्रिकोणी घडी घातलेलं. मी ती घडी मोडलेली नाही. कपाटावर आहे.

बसा! बसा, पाया पडतो. — ऐकून तरी घ्या, मग जा. गेलेल्याचं लग्न लावतोय मी? मी काय राक्षस आहे, दुसऱ्याच्या पोरीला पाटावर बसवून पांढऱ्या कपाळानं उठवायला? अहो, देह मिळालेला नाही! कुणी बघितला? त्यांनी दोन-तीन दिवस शोधलं आणि युद्धाची घाई होती, निघून गेले. परक्या बोटीतली सगळी माणसं वादळात काढली आणि आपलं एक माणूस शांत समुद्रात सोडून गेले. पण समुद्र म्हणजे काय रिकामा आहे? पोरबंदरच्या, वेरावळच्या बोटी असतात तिथं, पलीकडच्यांच्या असतात. उचललं असेल ना कुणीतरी. आणि पलीकडच्यांनी उचललं तर? अंगावर अमेरिकन कपडे, बोलतो मराठी-गुजराती, जन्म बडोद्याचा — सोडतील का ते? घातला असेल कराचीच्या तुरुंगात. आपले मच्छीमार नसतात वर्षानुवर्षं? ते सुटले की वाघा सीमेवरून गाडीनं येतात आणि बडोदे स्टेशनवरच उतरतात, तिथून बसनं वेरावळला जातात. मला कळतं त्या दिवशी. पेपरवाला सांगतो. मी फोटो घेऊन उभा असतो फलाटावर. गाल बसलेले, अंगात कुणीतरी दिलेले एकसारखे सदरे, घरचे मिठ्या मारतात, सरकारी माणसं हार घालतात, आणि मी मधे घुसून विचारतो — भाई, आवो कोई छोकरो जोयो छे? उंच, डाव्या भुवईवर वण? बहुतेक नुसती मान हलवतात. पण मागच्या खेपेला एकजण थांबला. फोटो हातात धरून म्हणाला, हतो एक. अंग्रेजी बोलतो'तो. दुसऱ्या बराकीत होता म्हणाला. अंग्रेजी बोलतो'तो! आता कराचीत अंग्रेजी बोलणारी उंच पोरं किती असतील, सांगा तुम्ही मला? — नाही, वणाचं त्याला आठवत नव्हतं.

आणि आता खरं सांगतो, पणजोबांचं. मघाशी अर्धंच सांगितलं. मोहिमेवर होते म्हणालो ना, तसं नव्हतं. ते गेले अशीच बातमी आली होती. बरोबरच्या स्वारांनी येऊन सांगितलं, ओख्याच्या किनाऱ्यावर पडले म्हणून. पण पणजीबाईंच्या बापानं दिलेला शब्द फिरवला नाही, खांड्याशी लग्न लावून दिलं, पणजीबाई रोज कुंकू लावून त्या तलवारीला नमस्कार करायच्या, लोक हसायचे — आणि पाच पावसाळ्यांनी एका दुपारी हे लंगडत दारात. दाढी छातीपर्यंत. त्या बाईच्या कुंकवानं ओढून आणलं त्यांना! ते आले म्हणून माझे आजोबा झाले, मी झालो. म्हणजे मी आहे हाच पुरावा आहे, दुसरा काय पाहिजे? म्हणून तुमची वसुंधरा. फोटो बघून नाही निवडली, पत्रिका बघून. जोशीबुवांनी किती पत्रिका चाळल्या माझ्यासाठी, आणि तिच्या सप्तमावर बोट ठेवून म्हणाले — प्रतापसिंहराव, ह्या मुलीचं सौभाग्य कुणी हिरावू शकत नाही, अखंड आहे. अखंड! मग ती ज्याची होईल तो मरेल कसा? तिनं नुसता हार घालायचा. काही मागत नाही हो मी. हुंडा नको, मानपान नको. तिला शिकवीन, तिला नोकरी करू दे, लेकीसारखी ठेवीन. बापाचं काळीज तुम्हालाही आहे. तुम्ही मला वेडा म्हणा, पण विचार करा, तुमच्या पोरीच्या कपाळावरचं चिमूटभर कुंकू आणि इकडं माझं अख्खं पोर — नाही, तसं बघू नका माझ्याकडं. माहीत आहे मला मी काय मागतोय. माहीत आहे. रात्रंदिवस तेच माहीत आहे. मंगळसूत्र जिजाबाईंनी बांधायचं, आणि ती म्हणते माझे हात धजणार नाहीत. म्हटलं, तू आई आहेस की कोण? चार दिवस बोललेली नाही माझ्याशी. म्हणून पोहे नाहीत, समजलं आता तुम्हाला?

— जिजा? तू कशाला आलीस? आता गरज नव्हती, मी सांगतोय त्यांना समजावून. डोक्यावर पदर घे, पाहुणे आहेत. — काय? — जयवंतराव, मनावर घेऊ नका, तिची तब्येत — काय म्हणालीस? परत बोल.

चांदोदला? नर्मदेच्या घाटावर?

कधी? भावाकडं जाते म्हणून गेलीस — तेव्हा? भटजी कुठला? — नाही, पुतळा म्हणजे कशाचा? पळसाच्या पानांचा. पळसाच्या पानांचा पुतळा केलास माझ्या राजवर्धनचा. आणि नाव घेतलं त्याचं, गोत्र घेतलं, आणि — अग्नी कुणी दिला? जिजा, अग्नी कुणी दिला? — मामानं? बाप धडधाकट असताना मामानं दिला? आणि तू घरी येऊन मला जेवायला वाढलंस, मी स्टेशनवर जायला निघालो की माझी टोपी आणून दिलीस, आणि मला सांगितलं नाहीस —

— हो. नसता दिला. मी दिलाच नसता, खरं आहे तुझं.

नर्मदेत सोडलंस? सगळं? — बरं वाहतं पाणी होतं का? कुणी रडलं का त्याच्यासाठी? — बरं. बरं झालं. बस तू. खाली बस.

जयवंतराव, तो पेला खाली ठेवा. नाही, रागावलो नाही, आमच्या घरचं पाणी आता घेऊ नका, एवढंच. लेकीला चांगल्या घरी द्या. तिला इथलं काही सांगू नका. — नको, धरायला नको मला, उभा राहतो मी. जिजा, बंब पेटवलेला नाही ना? नसू दे, गार चालेल. कळल्यावर लगेच आंघोळ करायची असते. दार तेवढं ओढून घ्या जाताना. निघा तुम्ही.